जालन्याच्या एमआयडीसीतून कोकणच्या कातळावर

वाचकहो, जालन्याला कधी आलात, तर संभाजीनगरच्या रस्त्याला लागून असलेल्या एमआयडीसीतून एक चक्कर मारा. कान किटतील, डोळ्यांत धूळ जाईल, पण चक्कर मारा. भंगाराने भरलेल्या मालमोटारी वजनकाट्यापुढे रांगेने उभ्या असतात. आत भट्टीत ते भंगार वितळते, त्याच्या लाद्या होतात, लाद्यांच्या सळ्या होतात आणि त्या सळ्या साऱ्या महाराष्ट्राच्या घरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. दुसरीकडे बियाण्यांच्या गोदामांची रांग. तुमच्या घरी पेरलेल्या सरकीची एखादी पिशवी याच रस्त्याने गेलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी. आता त्या पाळण्यात सोन्याऐवजी लोखंड झोपते, एवढाच फरक.

या प्लॉटांवर आधी शेते होती, हे सांगायला नको. महाराष्ट्रात औद्योगिक विकासाचा कायदा १९६१ साली झाला, १९६२ साली महामंडळ उभे राहिले आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून गट नंबरांच्या जागी प्लॉट नंबर आले. कुठे विहीर होती, कुठे बांधावरचे आंब्याचे झाड होते, कुठे म्हसोबाचा धोंडा होता, हे जुन्या माणसांना विचारले तर ती हाताने हवेत दाखवतात, ‘तिकडं, त्या शेडच्या पलीकडं.’ छायाचित्र कोणाकडे नाही. त्या काळी कॅमेरा लग्नालाच निघायचा. शेताचा फोटो कोण काढणार? सातबाऱ्यावर पीक आले, विहीर आली, कर्जाचा बोजा आला. धोंडा आला नाही.

आता मात्र तशी सबब सांगता येत नाही. २०२१ पासून आपण ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्याच मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि तो फोटो कोणत्या जागी उभे राहून काढला, हेही त्यात आपोआप नोंदले जाते. स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन उडाला, तो पोरांनी ओरडत पाहिला. फवारणीचा ड्रोनही बांधापर्यंत आला. म्हणजे उंचावरून बघणारा डोळा, जागा सांगणारे यंत्र आणि चित्र साठवणारी डबी ही तिन्ही आता शेतकऱ्याच्या घरात आहेत. हीच तिन्ही साधने कोकणात एका वेगळ्या कामाला लागली आहेत. हजारो वर्षांपूर्वी माणसाने उघड्या खडकावर खोदून ठेवलेली चित्रे टिपून ठेवण्याचे ते काम आहे. ती चित्रे राजवाड्यात नाहीत की देवळात नाहीत. बहुतेक शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींत आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या घरचा आहे असे समजून माझ्याबरोबर चला.

जालन्याहून कोकणात जायला दोन वाटा. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरी किंवा राजापूर रोड. नाहीतर मोटारीने अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर करत मलकापूरवरून अणुस्कुरा घाट उतरायचा आणि राजापूर तालुक्यात शिरायचे. मला विचाराल तर दुसरी वाट घ्या. वेळ लागतो, पण जमीन कशी बदलते ते डोळ्यांना दिसते. घरून निघताना चाकाला चिकटलेली काळी माती, घाटमाथ्यावर तांबूस होते आणि घाट उतरल्यावर सगळेच तांबडे. घरांच्या भिंती तांबड्या, गडगे तांबडे, रस्त्याची धूळ तांबडी. तो दगड म्हणजे जांभा. आपल्या काळ्या पाषाणाचाच तो नातू म्हणायला हरकत नाही. काळा दगड लाखो वर्षे धो धो पावसात आणि उन्हात कुजत गेला, त्यातले विरघळणारे वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्या लोहाच्या गंजाचा हा रंग. एमआयडीसीत राबणाऱ्या माणसाला गंज काय असतो ते वेगळे सांगायला नको.

डोंगर चढून वर गेले की सपाट माळ लागतो. कोकणात त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा तव्यासारखा तापतो, सावलीला झुडूप मिळत नाही. पावसाळ्यात त्याच खडकावर गवत आणि बारीक फुले अशी उगवतात, की तोच माळ ओळखू येऊ नये. गुरे चरतात, कुठे खाचरात भात होतो, कुठे खडक फोडून हापूसची कलमे लावलेली असतात, कुठे चिऱ्याची खाण असते. चिरा म्हणजे जांभ्याची घडीव वीट. कोकणातली घरे त्याचीच. आणि याच सड्यांवर, पायाखाली, ती चित्रे आहेत. कोकणात त्यांना कातळशिल्पे किंवा कातळ-खोदचित्रे म्हणतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याची हमखास फजिती होते. वाटाड्या म्हणतो, ‘हे काय, तुम्ही हत्तीच्या पाठीवरच उभे आहात,’ आणि पाहुणा खाली बघतो तर नुसत्या खाचा. राजापूर तालुक्यात कशेळी येथे जो हत्ती आहे, तो सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आपल्या हिशेबात सांगायचे तर सव्वादोन गुंठ्यांवर एक हत्ती! आणि त्याच्या अंगातच माशांची, पक्ष्यांची, जनावरांची सत्तर-ऐंशी लहान चित्रे कोरलेली आहेत. समुद्र जवळ, म्हणून मुशी मासाही आहे आणि शेपटीवाला पाकट मासाही. जमिनीवर उभे राहून सव्वादोन गुंठ्यांचे चित्र एका नजरेत बसत नाही. ते खोदणाऱ्याने तरी कसे आखले असेल, हा विचार मनातून जात नाही. ना शिडी, ना झाड, ना जवळ टेकडी. आपण शेतात दोरी धरून सरी काढतो तशी त्याने वेल धरली असेल का? ज्याने काढले त्याला पुरे चित्र कधी दिसलेच नसेल. आज ड्रोन शंभर फुटांवर गेला की ते सगळे एकदम दिसते.

बारसूच्या सड्यावर मध्ये उभा माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ, असे मोठे चित्र आहे. उक्षीला हत्ती आहे. तिथे गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन चित्राभोवती गोल कठडा केला, म्हणजे वरून बघता येते आणि चित्रावर पाय पडत नाही. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकटीत बसवलेली गुंतागुंतीची आकृती आहे. जांभरूण, रुंढेतळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठावरचे फणसायमळ, अशी मिळून नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. संभाव्य म्हणजे अर्ज दाखल झाला इतकेच. निकाल अजून पुढे आहे.

ही चित्रे किती जुनी? खडकावर रंग असता, कोळसा असता, तर त्याच्या तपासणीने काही अंदाज बांधता आला असता. इथे नुसती खाच आहे आणि खाचेला जन्मतारीख नसते. म्हणून अभ्यासक आडवळणाने जातात. चित्रांत शेती दिसत नाही, नांगर नाही, बैलगाडी नाही. शिकारीची जनावरे आणि मासे आहेत. गेंडा आहे, पाणघोडा आहे. कोकणात गेंडा कोणी पाहिला? राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना तेजस गर्गे यांनी २०१८ साली पहिला अंदाज सांगितला तो इसवी सनापूर्वी दहा हजार वर्षांच्या आसपासचा. हा अंदाज आहे, पावती नव्हे. आणि पाणघोड्याचे म्हणाल तर मराठवाड्याच्या माणसाने फार हसू नये. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या जुन्या गाळात पाणघोड्याचे अवशेष सापडले आहेत. ज्या मांजरेच्या पात्रात आज उन्हाळ्यात क्रिकेट खेळतात, तिथे एकेकाळी तो प्राणी डुंबत होता.

शोधाची कथा मला चित्रांइतकीच आवडते. गोव्यातल्या फणसायमळची चित्रे १९९३ साली अभ्यासकांपुढे आली, ती तिथल्या लोकांनी दाखवल्यामुळे. सिंधुदुर्गात हिवाळे येथली चित्रे सतीश लळीत यांनी या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आणली. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या वतीने गावोगाव पायपीट केली. हे लोक पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हेत. रिसबूड विजेच्या कामातले अभियंता, ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. सुट्टीच्या दिवशी सड्यावर जायचे, गुराख्याला विचारायचे, म्हाताऱ्या माणसाला विचारायचे. आणि गुराख्याला ते ठाऊक असायचेच! त्याच्या आज्यालाही ठाऊक होते. कोणी त्याला पांडवांचे काम म्हणे, कोणी देवाचे. नावाने ओळख होती, नोंद तेवढी नव्हती. असे करता करता सत्तरावर गावांतून हजाराहून अधिक चित्रे मोजली गेली.

आता ती टिपून कशी ठेवतात ते सांगतो, कारण जमिनीची मोजणी तुम्ही पाहिलेली आहे आणि हे काम तिच्याच जातीचे आहे.

जुन्या काळी साखळी आणि फळी घेऊन मोजणी होई, तशी चित्रांची नक्कल हाताने होई. भीमबेटकाच्या गुहा १९५७ साली जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे मराठी माणूस, स्वतः चित्रकार. गुहेत बसून त्यांनी चित्रांच्या नकला काढल्या. पुष्कळ ठिकाणी चित्रावर पारदर्शक कागद ठेवून गिरवत. कोरीव चित्र असेल तर छायाचित्रात उठून दिसावे म्हणून खाचेत खडू किंवा रांगोळी भरत. दिसायला छान, पण खडूची पूड खडकाच्या छिद्रांत जाऊन बसते, आणि भरणारा जिथे चुकला तिथे चित्रही चुकते. खडू भरलेले चित्र म्हणजे भरणाऱ्याचे मत झाले.

आता काय करतात, तर चित्राजवळ मापाची पट्टी ठेवतात, चार कोपऱ्यांना खुणा करतात आणि त्या खुणांची जागा रोव्हर यंत्राने घेतात. तेच रोव्हर, जे भूमिअभिलेख खात्याचे मोजणीदार आता बांधावर घेऊन येतात. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जागा सांगते. मग ड्रोन ओळीने पुढे-मागे उडतो, अगदी औताच्या तासासारखा, आणि दर काही फुटांवर फोटो घेतो. खुबी अशी, की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा मोठा भाग पुन्हा यायला हवा. दहांत सात-आठ हिस्से तरी. कौलावर कौल चढवतात तसे. कौलाला कौल लागले नाही तर घर गळते, फोटोला फोटो लागला नाही तर चित्रात भोक पडते.

असे दोन-तीनशे फोटो संगणकाला दिले की तो प्रत्येक फोटोतली तीच ती खूण शोधतो. एक खडा या फोटोत इथे, त्या फोटोत थोडा सरकलेला. किती सरकला यावरून तो खडा किती खोल आहे हे त्याला कळते. आपले दोन डोळे हेच करतात. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. लाखो खुणांचा असा हिशेब झाला की संगणकात त्या कातळाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते, उंचसखलपणासकट. तिला फोटोग्रामेट्री असे जड नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल.

त्या प्रतिकृतीचा खरा उपयोग पुढे आहे. खाच कुठे दोन बोटे खोल, कुठे झिजून नखाएवढी. भर दुपारी ती दिसत नाही. सूर्य कलला की सावली भरते आणि दिसते. सड्यावर सूर्य आपल्या सोयीने कलत नाही. संगणकात मात्र उजेड हवा तिकडून टाकता येतो, पूर्वेकडून, उत्तरेकडूनही, जिथून कललेला सूर्य कधी येत नाही. त्यात एखाद्या जनावराचा चौथा पाय सापडतो, एका चित्रावर दुसरे चित्र काढलेले उमगते. लहान चित्रासाठी याहून नाजूक रीत आहे: कॅमेरा हलवायचा नाही, दिवा तेवढा चहूबाजूंनी फिरवत फोटो घ्यायचे. आणि दहा वर्षांनी पुन्हा तीच मोजणी केली, की दोन प्रतिकृती एकमेकींवर ठेवून कोणती खाच किती झिजली, हे मिलिमीटरमध्ये काढता येते. माणसाच्या आठवणीला हे जमणारे काम नाही.

रंगीत चित्रांची गोष्ट वेगळी. अमरावतीचे विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांनी २००७ साली सातपुड्यात, मोर्शीच्या पलीकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीत धारूळजवळ रंगीत चित्रे असलेल्या गुहा उजेडात आणल्या. अशा ठिकाणी गेरूचा रंग विटून दगडाच्या रंगात मिसळलेला असतो. त्यावर एका अमेरिकन गृहस्थाने, जॉन हार्मन यांनी, २००५ साली डीस्ट्रेच नावाची प्रणाली तयार केली. उपग्रहाच्या चित्रांसाठी वापरली जाणारी हिशेबाची रीत त्यांनी गुहेच्या फोटोला लावली. जालन्यातल्या दालमिलमध्ये रंग ओळखून काळा दाणा बाजूला उडवणारे यंत्र पाहिले आहे ना? तसेच काहीसे. डोळ्याला सारखे वाटणारे दोन तांबडे रंग ती एकमेकांपासून दूर ओढते आणि कोऱ्या दिसणाऱ्या दगडावर एकाएकी हरिण उभे राहते. जगभरचे अभ्यासक आज ती वापरतात.

हे सगळे जमवून ठेवायचे कुठे, याचा विचार लोक कमी करतात. फ्लॉपी आठवते? आज ती घालायला यंत्र मिळत नाही. हार्ड डिस्क एखाद्या दिवशी टिक टिक करून बंद पडते. म्हणून एक प्रत खात्यात, एक दुसऱ्या शहरात आणि तिसरी गावात असावी. गावची प्रत मी मुद्दाम सांगतो. ज्याच्या सातबाऱ्यात चित्र आहे त्याच्या घरात त्या चित्राचा एक चांगला मोठा छापील फोटो असला पाहिजे, भिंतीवर. पाहुण्याने परदेशात जाऊन प्रदर्शन भरवावे आणि मालकाला आपल्या सड्यावरचा हत्ती वरून कसा दिसतो हे कळू नये, हे बरे नव्हे. आणि दुसरे, न राखलेल्या चित्राची नेमकी जागा उठसूट मोबाइलवर टाकू नये. शंभरांतला एक जण नाव कोरायला येतोच.

आता तुम्ही म्हणाल, कोकणचे झाले, आमच्या जिल्ह्यात काय? आपल्या काळ्या पाषाणात माणसाने लेणी खोदली, देवळे बांधली. भोकरदन तालुक्यात अन्व्याचे महादेवाचे देऊळ आहे, ते बघाच. पण देवळाकडे निदान लक्ष तरी असते. तुमच्या गावच्या मारुतीच्या पाराशेजारी एखादा कोरीव धोंडा पडलेला असेल, त्यावर लढणारा वीर, वर चंद्रसूर्य. तो वीरगळ. बहुतेक ठिकाणी त्याला शेंदूर, त्यावर ऑइलपेंट, आणि जत्रेच्या वर्षी आणखी एक हात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला सांगा: आभाळ भरून आलेल्या दिवशी, म्हणजे कडक सावली नसताना, त्याच्याभोवती तीन उंचींवरून फिरत साठ-सत्तर फोटो घ्यायचे, शेजारी शाळेची पट्टी ठेवायची, गावाचे नाव, गट नंबर आणि तारीख वहीत लिहायची. जोडून देणाऱ्या प्रणाली फुकट मिळतात. आज जोडता नाही आले तरी फोटो तर राहतील. तारेच्या ब्रशने घासू नका, ॲसिड तर मुळीच नको. घासलेला दगड परत येत नाही.

इतके सांगून झाले, तरी मूळ गोष्ट राहिलीच. सड्यावर चित्र दाखवताना कोकणातला शेतकरी का कचरतो? कारण त्याला भीती वाटते, की चित्र दाखवले आणि जमीन अडकली. ही भीती खुळी म्हणून उडवून लावणे शहाणपणाचे नाही. वेरूळ-दौलताबादच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्यांना विचारा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी काढावी लागते. २०१० साली हे नियम आणखी घट्ट झाले. राज्याचा कायदा वेगळा, १९६० सालचा, पण खेड्यात दोन्हींत फरक कोण करतो? त्याच जमिनीतून चिरा काढला तर रोकडा पैसा मिळतो. एका पावसाळ्यात खाण सुरू झाली की दहा हजार वर्षांचे चित्र घराच्या भिंतीत जाऊन बसते आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. त्या शेतकऱ्याने चित्र राखावे असे वाटत असेल, तर राखण्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. पाहुण्यांच्या तिकिटात वाटा, वाटाड्याचे काम, घरगुती जेवण-राहण्याची सोय, काहीही. नुसता फलक लावून आणि कुंपण घालून भागत नाही. उक्षीला गावानेच मनावर घेतले म्हणून ते टिकले, हे विसरता कामा नये.

आणि मोठ्या प्रकल्पाची गोष्ट चिऱ्याच्या खाणीहून मोठी. बारसू-सोलगावच्या सड्यांवर तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प आणण्याचे ठरू लागले, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी, त्यातही बायामाणसे, भर उन्हात सड्यावर आडवी पडली. त्यांचे म्हणणे पाण्याचे होते, आंब्याचे होते, मासळीचे होते, आणि त्यात या चित्रांचाही विषय आला. प्रकल्प हवा की नको यावर घराघरांत दोन मते होती आणि आहेत. मी जालन्याच्या बाजूने लिहितो आहे. कारखान्याने घरात चूल पेटते हे मला कोणी शिकवायला नको. पण तेव्हा एक बोलणे कानावर येई, की चित्रांचे काय घेऊन बसलात, ड्रोनने सगळे टिपून ठेवू, संगणकात राहतील. हे बोलणे मला पटत नाही.

का पटत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला जुकान नावाची घळ आहे. तिथल्या खडकाखाली ४६ हजार वर्षे माणसाची ये-जा होती, याचे पुरावे अभ्यासकांनी खणून काढले, मोजले, लिहून ठेवले, वस्तू पेटीत भरल्या. नोंद उत्तम झाली होती. आणि मे २०२० मध्ये रिओ टिंटो या कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावून ती जागा उडवली. कायद्याची परवानगी खिशात होती. तिथल्या आदिवासींनी आक्रोश केला, साऱ्या जगाने दोष दिला, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. पण खडक गेला तो गेला. उलट पोर्तुगालमध्ये कोआ नदीवर धरणाचे काम चालू असताना काठच्या खडकांवर हजारो वर्षांची कोरीव जनावरे असल्याचे १९९४ साली बाहेर आले. लोकांनी आणि शाळेच्या मुलांनी देखील आवाज उठवला, सरकारने चालू काम थांबवले, आणि १९९८ साली ते खोरे जागतिक वारसा झाले. दोन्हीकडे नोंद होती. एकीकडे नोंद झाली म्हणून खडक सोडून दिला, दुसरीकडे नोंद झाली म्हणून धरला.

फ्रान्सच्या लोकांनी लास्कोची गुहा १९६३ साली बंद केली, कारण येणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रांवर शेवाळ चढू लागले होते. शेजारी नक्कल उभारली, ती १९८३ पासून लोक बघतात. पण नक्कल उभारली म्हणून मूळ गुहेत त्यांनी खाण काढली नाही. मूळ जागा जपण्यासाठी नक्कल, असा तो क्रम आहे. सातबारा हातात आहे म्हणून कोणी जमीन पुरात वाहू देत नाही.

माझे एक मागणे मात्र एमआयडीसीच्या बाबतीत आहे, आणि ते साऱ्या महाराष्ट्राला लागू पडावे. जिथे नवी जमीन घेतली जाईल तिथे पहिला बुलडोझर लागण्याआधी एकदा ड्रोन फिरवावा, गुराख्याला आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन पायी शिवार फिरावे, आणि विहीर, बारव, वीरगळ, समाधी, पांढरीचे टेकाड, जे काही असेल त्याची जागेसह नोंद करून ती ग्रामपंचायतीत लावावी. प्लॉट पाडायला मोजणी करायचीच असते. त्याच मोजणीत हे काम दोन-चार दिवसांत होते, आणि आराखडा कागदावर असतानाच एखादा रस्ता शंभर फूट सरकवता येतो. पुढे शेडचा पाया भरल्यावर काही सरकत नाही.

जायचे ठरवलेत, तर थंडीत जा. दिवाळीनंतर गवत वाळू लागते आणि चित्रे उघडी पडतात. ऐन पावसाळ्यात खाचांत पाणी साठते, शेवाळावर पाय घसरतो. मालकाला विचारल्याशिवाय सड्यावर शिरू नका, आणि गावातलाच वाटाड्या घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. चित्राच्या रेषेवर पाय ठेवू नका. जांभ्याची कड बोटाने दाबली तरी सुटते. खडू, चुना, रांगोळी काही नेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा जमिनीलगत आडवा धरा, सरळ वरून फोटो काढलात तर काही येणार नाही. सकाळी उजाडल्या उजाडल्या, नाहीतर संध्याकाळी पाचच्या पुढे पोचा, तेव्हा खाचेत सावली उतरते. मुलांना आधी काही सांगू नका, त्यांनाच कठड्यापाशी उभे करून विचारा, काय दिसते? मोठ्या माणसाच्या आधी त्यांना सोंड दिसते. आणि पाणी भरपूर न्या, डोक्याला पंचा बांधा. सड्यावर कुठेही सावली नाही.